लोणारच्या गाळातले दुष्काळ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी मजुरीचे दर, बोनस किंवा कामाचे तास यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला, ‘लोणारचा गाळ’. त्यावर दोन दिवसांनी पुन्हा विचारणा झाली, की विषय ऐकण्यात काही चूक तर झाली नाही ना! चूक झालेली नाही. मी शास्त्रज्ञ नाही. शाळा दहावीला सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. पण माझ्या कामाचा आणि या विषयाचा संबंध आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी रोजगार हमीच्या एका रस्त्याच्या कामावर मजुरीची तक्रार आली. मी मस्टर पाहायला मागितले. मस्टर अगदी स्वच्छ होते. हजेरी, अंगठे, बेरीज, सगळे जागच्या जागी. फक्त त्यात दोन बाया अशा होत्या, की त्यांची तेरवी आम्ही सर्वांनी जेवलेली होती. साहेब म्हणत होते, कागद बरोबर आहे. तेव्हा तिथला एक म्हातारा मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाऊ, कागद काय पाहून राह्यले? ढीग मोजा ना.” आम्ही टेप लावून खडीचे ढीग मोजले, किती ब्रास भरतात ते काढले, एक माणूस दिवसात किती फोडतो त्याने भागले, आणि खरी हजेरी निघाली. प्रकरणाचे पुढे काय झाले ती हकीगत वेगळी. माझ्या मनात राहिली ती मुकादमाची युक्ती. कागद लिहिणाऱ्याचा असतो, ढीग मात्र काम करणाऱ्याच्या हातून पडलेला असतो.

लोणारच्या तळाशी असाच एक ढीग साचलेला आहे. तो पावसाने घातलेला आहे. अकरा हजार वर्षांत आपल्या भागात पाऊस किती हजर होता आणि किती गैरहजर, हे त्यावरून काढता येते, आणि काही विद्वानांनी ते काढलेही आहे. त्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

लोणारचे वर्णन आपल्या जिल्ह्यातील श्रोत्यांपुढे करणे म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देणे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर काळ्या पाषाणात, म्हणजे आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, आकाशातून आलेल्या अशनीने पाडले. शंभरावर वर्षे पंडित लोक ते ज्वालामुखीचे मुख समजत होते. १९७३ साली खडकातील काचरूप झालेल्या द्रव्याच्या पुराव्यावरून आघाताची गोष्ट सिद्ध झाली. विवराचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरीत. २०११ साली आरगॉन वायूच्या मोजणीवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. लवणासुराची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे, ती मी सोडून देतो.

आपल्याला आज महत्त्वाची आहे ती एकच गोष्ट. या तळ्यात पाणी यायला वाटा आहेत, पण वरून वाहून जायला वाट नाही. पाऊस पडतो, कडेचे ओहोळ येतात, धार वर्षभर वाहते. पाणी आत आले की त्याने मुख्यत्वे उन्हाने उडून जावे. उडते ते नुसते पाणी, क्षार मागेच राहतो. बेसॉल्ट झिजून त्यातून चुना आणि सोडा दोन्ही पाण्यात उतरतात. पैकी चुना लवकर खाली बसतो, सोडा पाण्यातच राहतो आणि वर्षानुवर्षे दाट होत जातो. म्हणून लोणारचे पाणी अंगाला बुळबुळीत लागते आणि त्यात साबण लावायची गरज पडत नाही. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त या परिसरातील काच आणि साबण करण्याच्या द्रव्यांची नोंद केली आहे. पुढे इंग्रजी अमदानीतही येथून सोडा काढीत. त्याच्या जातींना डल्ला, पापडी अशी नावे होती. ही नावे कोणा विद्यापीठात ठरलेली नाहीत, चिखलात उभे राहून खडे वेचणाऱ्या माणसांनी ती दिली. पाणी आटल्याशिवाय खडा धरत नाही आणि पाणी वाढले की धंदा बसतो, हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते. आता जे शास्त्र मी सांगणार आहे, त्याचे मूळ मला तरी त्या वेचणाऱ्यांच्या अनुभवात दिसते.

२००८ साली तळ्याच्या तळात पोकळ नळ्या घालून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढण्यात आला. बैलगाडीच्या कण्यासारखा लांब, पण सबंध चिखलाचा. या कामात जर्मनीतील पॉट्सडॅमचे भूविज्ञान संशोधन केंद्र, हँबुर्गचे विद्यापीठ आणि नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था यांची माणसे होती. सुषमा प्रसाद, अंबिली अनूप, फिलिप मेंझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरचे निबंध २०१३ पासून पुढे प्रसिद्ध केले. मध्य भारतातला, कालाचा नीट निर्णय झालेला आणि बारीक नोंदी असलेला असा हा पहिलाच गाभा, असे त्यांचे म्हणणे आहे.

हिशेब आपणच करू. दहा मीटर म्हणजे दहा हजार मिलिमीटर. वर्षे सुमारे अकरा हजार. म्हणजे वर्षाला सरासरी एक मिलिमीटरसुद्धा नाही. एक बोट रुंदीच्या गाळात वीस वर्षे बसतात. चार बोटांत एका माणसाचे सबंध आयुष्य, जन्मापासून तेरवीपर्यंत. अर्थात कधी गाळ भरभर साचतो, कधी हळू, म्हणून नुसत्या पट्टीने काळ मोजता येत नाही. त्यासाठी गाळात पडलेली पाने, काटक्या, कुजलेले सेंद्रिय द्रव्य घेऊन त्यातील किरणोत्सर्गी कर्ब मोजतात. झाड जिवंत असते तोवर हवेतून तो कर्ब घेत असते. मेले की घेणे थांबते आणि असलेला कर्ब ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरला किती यावरून मेल्याला किती वर्षे झाली ते निघते. ही वर्षे ‘आजपासून मागे’ अशी मोजतात, पण त्यांचा ‘आज’ म्हणजे १९५० साल. पुढे अणुबाँबच्या चाचण्यांनी हवेतला हा कर्ब बिघडवून ठेवला, म्हणून घड्याळ १९५० ला बांधून टाकले आहे.

काळ ठरला, आता साक्ष घ्यायची. गाळातल्या साक्षी अनेक आहेत, मी दोन-तीनच सांगतो.

पहिली साक्ष कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणाची. झाडापानांत लाकूड असते, त्यामुळे कर्ब पुष्कळ आणि नत्र थोडे, वीसास एक किंवा त्याहूनही कमी. पाण्यातल्या शेवाळात लाकूड नाही, तिथे चारास एक ते दहास एक असे प्रमाण पडते. तेव्हा एखाद्या थरात जे सेंद्रिय द्रव्य आहे ते ओहोळाने कड्यावरून वाहून आणलेले, की तळ्यातच उपजलेले, हे कळते.

दुसरी साक्ष कर्बाच्याच जड आणि हलक्या भावंडांची. त्यांना समस्थानिक म्हणतात. साग, आंबा, कापूस, तूर, गहू ही एका घराण्याची झाडे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि आपले कुसळी गवत ही दुसऱ्या घराण्याची. हवेतला कर्ब घेण्याची रीत दोन्हींची निराळी, आणि ती त्यांच्या पानावरच्या मेणातसुद्धा उतरते. पान कुजते, मेण टिकते. लोणारच्या गाळातील हे मेण असे सांगते, की आरंभीच्या ओल्या काळात भोवताली झाडोऱ्याचा वाटा मोठा होता आणि पुढे कोरडेपणा वाढला तसा गवताचा वाटा वाढत गेला.

या साक्षी जोडून जे चित्र उभे राहते ते असे. गाभ्याच्या अगदी तळाला जो थर लागतो तो तळ्याचा गाळच नव्हे. ती मुळांच्या खुणा असलेली माती आहे. म्हणजे त्या जागी त्या वेळी तळे नव्हते. सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी पावसाने जोर धरला आणि विवरात पाणी भरू लागले. पुढे काही हजार वर्षे सुकाळाची गेली. मग पृथ्वीच्या फिरण्यातील संथ फरकामुळे आपल्या बाजूला उन्हाळ्यात पोचणारे ऊन हळूहळू कमी होत गेले, आणि त्या उन्हावर चालणारा मोसमी पाऊसही ओसरत गेला. ६,२०० ते ५,२०० वर्षांपूर्वीच्या काळात एक कोरडा फेरा दिसतो.

आता तिसरी साक्ष, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी. गाभ्यात चुनखडी, म्हणजे कॅल्साइट किंवा तिची बहीण अरॅगोनाइट, जवळजवळ सर्वत्र सापडते. पण एक स्फटिक फक्त दोनच पट्ट्यांत सापडला. त्याचे नाव गेलुसाइट. गे-ल्यूसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून ते पडले आहे. सोडा, चुना आणि पाणी असे तिन्ही मिळून तो घडतो. तो जमायला पाण्यात सोडा अतिशय दाट व्हावा लागतो, म्हणजे तळे पुष्कळ आटावे लागते. हाच स्फटिक गोड्या पाण्यात ठेवला तर त्यातला सोडा विरघळून जातो आणि मागे चुन्याचा पांढरा सांगाडा उरतो. असा नाजूक साक्षीदार आहे. शिवाय त्याच्यातील प्राणवायूही तपासला आहे. पाणी उडते तेव्हा हलका प्राणवायू आधी जातो, जड मागे राहतो. या स्फटिकांत जड प्राणवायू वाढलेला आहे. तेव्हा आटण्याची गोष्ट दोन वेगळ्या साक्षींनी शाबीत होते.

त्या दोन पट्ट्यांचे काळ असे. पहिला आजपासून मागे ४,६३० ते ३,८९० वर्षे, म्हणजे इ. स. पू. २६८० पासून १९४० पर्यंत, सुमारे साडेसातशे वर्षे. दुसरा २,०४० ते ५६० वर्षे मागे, म्हणजे इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून इ. स. १३९० च्या सुमारापर्यंत. जवळजवळ दीड हजार वर्षे!

मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. माझी आई १९७२ साली दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे, मी तेव्हा तिच्या पदराखाली होतो. लाल ज्वारी, सुकडी, टँकर यांच्या गोष्टी मी तिच्याकडून इतक्या वेळा ऐकल्या आहेत, की दुष्काळ म्हटला की माझ्यापुढे बहात्तर साल उभे राहते. त्याहून मोठ्या वयाच्या माणसांनी आपल्या आज्यांकडून १८९९-१९०० चा दुष्काळ ऐकलेला असतो. वऱ्हाडात त्याने हाहाकार केला होता. पण हे दोन्ही दुष्काळ ज्या थरांत पडतात तिथे गेलुसाइट नाही. आपल्या आठवणीतली सर्वांत वाईट वर्षे त्या स्फटिकाला जन्म द्यायला पुरली नाहीत! दोन-तीन वर्षांच्या अवर्षणाने तळे तेवढे आटत नाही. ज्या काळात तो स्फटिक घडला, त्या काळात पाऊस पिढ्यान्‌पिढ्या कमीच राहिला असला पाहिजे.

आपल्या देशात हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. पावसाचे नीट मोजमाप आहे ते त्या सुमारापासूनचे, दीडशे वर्षांचे. गाळाच्या भाषेत आठ बोटे. या आठ बोटांवरून आपण ‘सरासरी पाऊस’ काढतो, तीवर धरणे बांधतो, पिके ठरवतो, विहिरींना कर्ज देतो. गाळ सांगतो की ही आठ बोटे गेल्या दोन हजार वर्षांतल्या बऱ्या काळातली आहेत.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण अशा आकड्यांवरून इतिहास रचण्याचा मोह फार असतो. पहिल्या कोरड्या काळाच्या अखेरीस सिंधू खोऱ्यातील नगरे ओस पडली. लोणारचा पुरावा या समजुतीला बळ देतो असे संशोधकांनी लिहिले आहे, आणि ते योग्य आहे. मेघालयातील मावम्लू गुहेच्या चुनस्तंभातही ४,२०० वर्षांपूर्वीचा कोरडा काळ दिसतो. २०१८ साली भूशास्त्रज्ञांनी त्यावरून चालू कालखंडालाच ‘मेघालयन’ हे नाव दिले. पण नगर ओस पडते ते नुसत्या पावसाने की धान्याचे कोठार कोणाच्या ताब्यात होते त्याने, हे गाळ सांगत नाही.

याचे प्रत्यंतर दुसऱ्या काळात मिळते. इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत आपल्याकडे काय चालले होते? शेजारच्या वाशिमला, जुन्या वत्सगुल्माला, वाकाटक राज्य करीत होते. आपल्या सीमेवर अजिंठ्याची लेणी रंगत होती. वेरूळ कोरले गेले. लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळही यादवकाळाच्या आसपासचे मानतात. लीळाचरित्रात लोणारचा उल्लेख येतो. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ज्याला आपण महाराष्ट्राचा वैभवकाळ म्हणतो तो मोठा भाग गेलुसाइटच्या पट्ट्यात पडतो. तेव्हा कोरडा काळ म्हणजे वाळवंट नव्हे. त्या दीड हजार वर्षांत चांगली वर्षेही आली असतील, आणि लोकांनी बारवा, तळी, ज्वारी यांच्या आधाराने दिवस काढले असतील. त्या बारवा कोणी खोदल्या आणि त्यांना काय मिळाले, हे मात्र शिलालेखात सहसा सापडत नाही.

दुसरा मोह दुर्गादेवीच्या दुष्काळाचा. परंपरा सांगते की १३९६ पासून बारा वर्षे तो दुष्काळ होता. गाळातला कोरडा काळ १३९० च्या सुमारास संपतो. लगेच कोणी म्हणेल, पाहा, जुळले! मी म्हणतो, थांबा. गाळाच्या गणनेत पाच-पन्नास वर्षांची चूक सहज असू शकते, आणि बारा वर्षे म्हणजे अर्ध्या बोटाहून थोडा जास्त गाळ. गाळ शतकांचा हिशेब ठेवतो, वर्षांचा ठेवीत नाही. ढिगावरून महिन्याचे काम कळते, मंगळवारी कोण आले नव्हते हे कळत नाही.

हा पाऊस इतका दीर्घकाळ का हटला? प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्याचे धागे हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या मधल्या उबदार पाण्यापर्यंत नेतात. तिकडच्या समुद्राच्या उष्णतेत फरक पडला की आपल्याकडचा मोसमी वारा दुबळा होतो. एल निनो हे नाव आता शेतकऱ्याच्या तोंडी बसले आहे. १९७२ हे तसेच वर्ष होते. मेंझेल आणि त्यांचे सहकारी मधल्या काही लहान फेऱ्यांचा संबंध उत्तर अटलांटिकच्या थंडीशी लावतात. यावर अजून वाद चालेल. एकट्या गाभ्यावर सगळे उभे करू नये हेही खरे. पण लोणारच्या ओहोळाला पाणी असेल की नाही, हे इंडोनेशियाच्या पलीकडचा समुद्र ठरवतो, ही गोष्ट मला तरी फार नम्र करणारी वाटते.

आता आजच्या लोणारकडे येतो. जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले. लोकांनी ते शकुन-अपशकुनात घातले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा पाणी कमी होऊन क्षार वाढल्यामुळे खारप्रेमी सूक्ष्मजीव माजले होते आणि रंग त्यांचा होता, असे निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळ्याला रामसर यादीत स्थान मिळाले. त्यानंतरच्या काही वर्षांत उलटेच झाले. पाणी चढले आणि कमळजामातेच्या देवळाला पाणी लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या. गावचे सांडपाणी आणि शेतातले खत तळ्याकडे उतरते, ही तक्रार तर जुनीच आहे. सांडपाण्यातला नत्र जड असतो. तो शेवाळ खाते, शेवाळ मरून तळाला बसते. म्हणजे आपण आज जी मोरी सोडतो तिचीही हजेरी या मस्टरवर लागते आहे. पुढे कोणी नळी घालील तेव्हा त्याला वरच्या बोटांत पावसाची साक्ष शोधायला आपल्या मोऱ्यांची साक्ष आधी बाजूला काढावी लागेल.

मला राग येतो तो आणखी एका गोष्टीचा. आपल्याकडे दुष्काळ आहे की नाही हे पुष्कळ वर्षे पैसेवारीवरून ठरत असे. पहिली निघते तिचे नावच ‘नजर पैसेवारी’. पन्नास पैशांच्या वर गेली की गावाला दुष्काळ नसे, मग विहिरीत दगड दिसत असले तरी नसे! पुढे सुधारित निघते, मग अंतिम. तोवर मजूर सुरतेला किंवा पुण्याला पोचलेला असतो. पीककापणीचे प्रयोग होतात, मी ते नाकारीत नाही. पण जी सरासरी आधाराला धरली आहे ती थोड्या वर्षांची, आणि तीही बऱ्या काळातली, हे गाळाने दाखवून दिल्यावर तरी तालुक्याच्या पर्जन्यमापकापासून गावच्या विहिरीच्या पातळीपर्यंत सगळे मोजून, लिहून, चावडीवर लावायला काय हरकत आहे? १९७२ ला पाऊस नव्हता, पण कामे निघाली आणि मजुरी पोचली तिथे माणसे जगली. त्यातून पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी कायद्यात आली, १९७७ साली. पाऊस हटणे आपल्या हाती नाही. मस्टर आपल्या हाती आहे.

गेल्या मृगात मी लोणारच्या काठावर गेलो होतो. पहिला पाऊस झाला होता आणि कड्यावरून तांबूस गढूळ पाणी उतरून तळ्याच्या हिरव्या पाण्यात शिरत होते. ते थोडा वेळ वेगळे दिसते, मग मिसळते, आणि त्यातली माती सावकाश खाली जाते. बहात्तर सालचा गाळ, सरासरीने हिशेब केला तर, आता वरून अडीच-तीन बोटे खाली असेल. आईने फोडलेली खडी मेहकरकडच्या रस्त्यात गेली. त्यावर नंतर डांबर झाले आणि आता सिमेंटही झाले आहे.